तिकिटांचा कारभारी



कामगार चळवळीतला माणूस व्यासपीठावर आला, की तो बोनस, महागाईभत्ता आणि कंत्राटी पद्धत यांवर बोलणार असे श्रोते गृहीत धरतात. आज मी टपालाच्या तिकिटांवर बोलणार आहे, आणि तेही एका इंग्रज गृहस्थांच्या निमित्ताने, ज्यांचे नाव आपल्याकडे शंभरात एखाद्याने ऐकले असेल. त्यांचे नाव एडवर्ड डेनी बेकन. जन्म १८६०, मृत्यू १९३८. सत्त्याहत्तर वर्षांच्या या आयुष्यात त्यांनी राज्य जिंकले नाही, शोध लावला नाही, कारखानाही काढला नाही. तिकिटे लावली, तिकिटांच्या याद्या केल्या आणि तिकिटांवर पुस्तके लिहिली, एवढेच. एवढ्यासाठी एका माणसाचे स्मरण का करावे, हा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर देण्याचा हा प्रयत्न आहे.

प्रथम तिकीट म्हणजे काय ते पाहू. १८४० पूर्वी इंग्लंडात पत्राचे पैसे बहुधा पत्र घेणाऱ्याला द्यावे लागत, आणि तेही अंतराच्या हिशेबाने. शहरात मजुरीला गेलेल्या मुलाचे पत्र गावी येई, पण ते सोडवून घेण्याइतके पैसे आईपाशी नसत. ही पद्धत रोलंड हिल यांनी मोडून काढली. पत्र देशात कुठेही जावो, अर्ध्या औंसापर्यंत एक पेनी. आणि हा पेनी पाठवणाऱ्याने आधीच भरायचा. पैसे भरल्याची खूण म्हणून कागदाचा एक चौकोनी तुकडा पत्रावर चिकटवायचा. ६ मे १८४० रोजी हा तुकडा अधिकृतपणे व्यवहारात आला. राणी व्हिक्टोरियाचा मुखवटा असलेले काळे एक पेनीचे ते तिकीट म्हणजेच 'पेनी ब्लॅक'. थोडक्यात, तिकीट ही पावती आहे. आमच्या युनियनच्या वर्गणीच्या पावतीपेक्षा तिचे मूळ काही वेगळे नाही.

तिकिटांच्या छंदाला 'फिलाटेली' हे भारदस्त नाव १८६४ साली जॉर्ज हर्पिन या फ्रेंच गृहस्थांनी दिले, तेही याच अर्थावरून. ग्रीक भाषेतले 'प्रेम' आणि 'करमाफी' असे दोन शब्द त्यांनी जोडले. पत्र घेणाऱ्याला पैसे द्यावे लागत नाहीत, त्या माफीवरचे प्रेम, असा त्याचा सरळ अर्थ.

आपल्या देशात ही सुधारणा १८५४ च्या ऑक्टोबरपासून सर्वत्र लागू झाली. त्यापूर्वी दोन वर्षे, १८५२ मध्ये, सिंधचे कमिशनर बार्टल फ्रिअर यांनी आपल्या प्रांतापुरती 'सिंध डाक'ची तिकिटे काढली होती. हेच फ्रिअर पुढे मुंबईचे गव्हर्नर झाले. १८५४ ची तिकिटे कलकत्त्याच्या सर्व्हे कचेरीत कॅप्टन थुलियर यांच्या देखरेखीखाली शिळाछापावर छापली गेली. पाव तोळ्यापर्यंतच्या पत्राला अर्धा आणा, मग ते पत्र शेजारच्या गावी जावो की हजार मैलांवर. परगावी राबणाऱ्या माणसाला घर जोडून देणारी ही अर्ध्या आण्याची सोय किती मोठी होती, हे ज्यांच्या घरातले कोणी कोकणातून वा घाटावरून गिरणीत कामाला आले असेल त्यांना निराळे सांगायला नको.

आता छंदाकडे येऊ. तिकिटे निघाली त्याबरोबर ती जमवणारेही निघाले. आरंभी ती शाळकरी मुलांची हौस होती. पण वीसपंचवीस वर्षांतच प्रौढ माणसांच्या ध्यानात आले, की या चिटोऱ्यांत पुष्कळ माहिती दडलेली आहे. १८६९ मध्ये लंडनला फिलाटेलिक सोसायटी स्थापन झाली. १९०६ मध्ये तिला 'रॉयल' ही पदवी मिळाली आणि ती आजही चालू आहे. बेकन तरुणपणीच तिचे सभासद झाले, आणि पुढचे सारे आयुष्य त्यांनी याच वर्तुळात घालवले.

संग्राहक दोन प्रकारचे असतात. एक साठवणारा आणि दुसरा सांभाळणारा. या दोघांतला फरक कळावा म्हणून बेकन यांच्या काळातल्या दोन मोठ्या संग्रहांची हकीकत सांगतो.

पहिला संग्रह फिलिप फॉन फेरारी यांचा. अफाट पैसा, पॅरिसमध्ये वास्तव्य, आणि हाती येईल ते तिकीट घ्यायचे अशी वृत्ती. ब्रिटिश गियानाचे १८५६ चे किरमिजी रंगाचे एक सेंटचे तिकीट सबंध जगात एकच आहे, आणि तेही फेरारींपाशी होते. एवढा संग्रह जगात दुसऱ्या कुणाचा नव्हता. त्यांनी तो मृत्युपत्राने बर्लिनच्या टपाल संग्रहालयाला लिहून दिला. १९१७ मध्ये ते वारले तेव्हा महायुद्ध चालू होते. संग्रह पॅरिसमध्ये, वारसदार बर्लिनमध्ये. फ्रेंच सरकारने शत्रूची मालमत्ता म्हणून तो जप्त केला आणि १९२१ पासून चौदा लिलावांत विकून टाकला. एक सेंटचे ते तिकीट १९२२ मध्ये आर्थर हिंड नावाच्या अमेरिकेतल्या एका कापड कारखानदाराने घेतले. त्यानंतर ते बराच काळ या धनिकाकडून त्या धनिकाकडे फिरत राहिले. २०१४ च्या लिलावात त्याला नव्वद लाख डॉलरांहून अधिक किंमत आली. पण फेरारींच्या संग्रहाच्या मांडणीतून आपल्याला काय शिकता आले असते, हे आता कुणालाच सांगता येणार नाही. ती मांडणी मोडली ती मोडलीच.

दुसरा संग्रह थॉमस टॅपलिंग यांचा. हे पार्लमेंटचे सभासद होते आणि क्रिकेटही खेळत. त्यांनी इतरांचे नामांकित संग्रहच्या संग्रह विकत घेतले. त्यांत फ्रेंच चित्रकार गुस्ताव्ह कायबोत आणि त्यांचा भाऊ यांचाही संग्रह होता. टॅपलिंग १८९१ मध्ये अवघ्या पस्तिसाव्या वर्षी वारले, आणि मृत्युपत्राने आपला संग्रह त्यांनी ब्रिटिश म्युझियमला दिला. म्हणजे राष्ट्राला दिला. १८९० पर्यंत जगात निघालेल्या बहुतेक सर्व दुर्मिळ तिकिटांचा त्यात समावेश होता. मॉरिशसची 'पोस्ट ऑफिस' तिकिटे त्यात होती, हवाईची मिशनऱ्यांच्या पत्रांवरची तिकिटे होती, आणि आपल्या १८५४ च्या मालिकेतले उलट्या मुखवट्याचे चार आण्यांचे तिकीटही होते.

या चार आण्यांच्या तिकिटाविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत. ते दुरंगी होते. चौकट तांबडी आणि राणीचा मुखवटा निळा. त्यामुळे प्रत्येक कागद यंत्रातून दोनदा काढावा लागे. कुण्या कामगाराच्या हातून एखादा कागद दुसऱ्या खेपेला उलटा घातला गेला आणि राणीसाहेब डोक्यावर उभ्या राहिल्या. पाळी संपत आलेल्या, डोळे जड झालेल्या माणसाच्या हातून असे होते, हे कारखान्यात राबलेल्या कुणालाही कळेल. त्या कामगाराचे नाव इतिहासाला ठाऊक नाही. पण त्याच्या त्या क्षणाची नोंद कागदावर उरली, आणि आज ती भारतातल्या अत्यंत मोलाच्या तिकिटांत गणली जाते.

टॅपलिंग यांनी संग्रह दिला खरा, पण दिलेली वस्तू आणि वापरता येणारी वस्तू यांत अंतर असते. हजारो तिकिटे लावायची कशी? कोणते आधीचे, कोणते नंतरचे, कोणते खरे, कोणते खोटे, एकाच चित्राच्या चार तऱ्हा असतील तर त्या ओळखायच्या कशा? हे काम म्युझियमने बेकन यांच्याकडे सोपवले. टॅपलिंग हे त्यांचे स्नेही. त्यांच्या पश्चात बेकन या कामाला बसले ते जवळपास आठ वर्षे, १८९९ पर्यंत. एकेक तिकीट पारखून, क्रमाने लावून, त्यांनी तो सारा संग्रह सिद्ध केला. पुढे तो लोकांना पाहण्यासाठी मांडण्यात आला. आज तो लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. एकोणिसाव्या शतकात उभा राहिलेला आणि न फुटता आजवर टिकलेला असा हा एकमेव मोठा संग्रह मानतात. फेरारींचा संग्रह याहून मोठा होता, पण तो आज नाही. टॅपलिंग यांचा आहे. या 'आहे'मध्ये दात्याचा जेवढा वाटा आहे तेवढाच लावणाऱ्याचा आहे.

तिकीट लावणे म्हणजे नेमके काय करणे, हे समजल्याशिवाय या आठ वर्षांचे मोल कळणार नाही. तिकिटाची परीक्षा चार गोष्टींवर चालते. पहिली गोष्ट कागद. तो उजेडापुढे धरला किंवा पाठीवर थोडे बेन्झीन टाकले तर आतली जलखूण दिसते. मुकुट, तारा, अक्षरे अशा या खुणा काळानुसार बदलत गेल्या आहेत, म्हणून त्यांवरून छपाईचा काळ ठरतो. दुसरी गोष्ट दातांची. आरंभीची तिकिटे कात्रीने कापून घ्यावी लागत. इंग्लंडात भोके पाडलेली तिकिटे १८५४ मध्ये निघाली. दोन सेंटीमीटर लांबीत किती भोके बसतात ते मोजायचे, हे माप लग्रां या पॅरिसच्या डॉक्टरांनी १८६६ मध्ये घालून दिले, आणि आजही जगभर तेच चालते. तिसरी गोष्ट छपाईची रीत आणि शाई. चौथी गोष्ट शिक्का, म्हणजे ते तिकीट कोणत्या कचेरीत, कोणत्या तारखेला रद्द झाले त्याचा पुरावा.

याच्याही पुढची पायरी म्हणजे सबंध पत्रा पुन्हा उभा करणे. पेनी ब्लॅक घेऊ. एका कागदावर २४० तिकिटे असत. बारा पेन्यांचा शिलिंग आणि २४० पेन्यांचा पौंड, म्हणून आडव्या ओळीत बारा तिकिटे आणि अशा वीस ओळी. एक ओळ एक शिलिंगाची, सबंध कागद एक पौंडाचा. टपाल कचेरीतल्या कारकुनाला हिशेब सोपा जावा म्हणून केलेली ही योजना होती. खोटी तिकिटे करणाऱ्याला अडचण पडावी म्हणून प्रत्येक तिकिटाच्या खालच्या दोन कोपऱ्यांत दोन अक्षरे घातलेली असत. पहिले अक्षर ओळीचे, दुसरे त्या ओळीतल्या जागेचे. पहिले तिकीट 'ए ए', त्याच्या शेजारचे 'ए बी', आणि अगदी शेवटचे 'टी एल'. ही अक्षरे कारागीर पोलादी पत्र्यावर हाताने ठोकत. हाताने ठोकलेले अक्षर कधी डावीकडे सरकते, कधी तिरपे बसते, कधी खोल जाते. त्यामुळे एकाच अक्षरांची दोन तिकिटे घेतली तर ती एकाच पत्र्यावरची की वेगळ्या, हे भिंगाखाली सांगता येते. १८४१ मध्ये काळा रंग बदलून तांबडा आला. त्या तांबड्या तिकिटाच्या ७७ क्रमांकाच्या पत्र्यावर दुसऱ्या ओळीतल्या पहिल्या तिकिटावर एक अक्षर ठोकायचे राहूनच गेले. तिथे 'बी ए' असायला हवे होते, पण नुसता 'बी' आला.

ही तिकिटे पर्किन्स, बेकन यांच्या कंपनीने छापली. या नावातले बेकन म्हणजे जोशुआ बटर्स बेकन; आपल्या कथानायकांशी त्यांची गल्लत करू नये. एडवर्ड बेकन यांनी या तिकिटांच्या छपाईचा सबंध इतिहास दोन खंडांत लिहून १९२० मध्ये प्रसिद्ध केला. कोणता पत्रा केव्हा तयार झाला, केव्हा कामाला लावला, त्यावर दुरुस्ती काय झाली, अशा गोष्टींचे हे पुस्तक आहे. रंजक म्हणावे असे ते नाही. पण हातोडी घेऊन बसलेल्या नामहीन कारागिराच्या कामाची इतकी बारीक दखल घेणारी पुस्तके जगात फार नाहीत. कारखान्याचा इतिहास मालकाच्या चरित्रातून लिहिला जातो, हा आपला नेहमीचा अनुभव. इथे तो यंत्रावर उमटलेल्या हाताच्या खुणांवरून लिहिला गेला.

आता फसवणुकीच्या प्रश्नाकडे वळतो, कारण सेवा या शब्दाची कसोटी तिथे लागते. तिकिटांना किंमत आली त्याबरोबर बनावट तिकिटेही आली. पण उघड बनावटीपेक्षा फसवा प्रकार पुनर्मुद्रणाचा. सरकारपाशी जुने पत्रे किंवा शिळा पडून असतात. तिकीट बंद होऊन वर्षे लोटलेली असतात. संग्राहकांची मागणी आहे असे दिसताच त्याच पत्र्यावरून पुन्हा छपाई केली जाते. चित्र हुबेहूब तेच, कारण पत्रा तोच. पण हे तिकीट कधी पत्रावर चिकटण्यासाठी छापलेले नाही. भोळा संग्राहक ते अस्सल म्हणून घेतो आणि महिन्याची बचत घालवून बसतो. श्रीमंताला अशा फटक्याचे काही वाटत नाही, तो दुसरे घेतो. मार पडतो तो कारकुनाला, मास्तराला, चार पैसे बाजूला टाकणाऱ्याला.

बेकन यांनी १८९९ मध्ये अशा पुनर्मुद्रणांवर एक स्वतंत्र पुस्तकच लिहिले. कोणत्या देशाने कोणती तिकिटे पुन्हा छापली आणि ती कागद, छटा, दाते, डिंक यांवरून कशी ओळखावी, हे त्यात देशवार दिले आहे. हे ज्ञान खाजगी ठेवले असते तर त्याच्या जोरावर बाजारात पुष्कळ पैसा मिळवता आला असता. ज्याला खरे-खोटे कळते तो स्वस्तात घेतो आणि महागात विकतो. व्यापाराचा नियमच तो आहे. बेकन यांनी ते छापून टाकले. जे एकालाच ठाऊक ते सर्वांना ठाऊक झाले, म्हणजे त्यातली फसवण्याची ताकद गेली. आम्ही कामगाराला हजेरीपत्रक आणि पगारपत्रक वाचायला शिकवतो, त्यामागे दुसरे काही नसते.

हे काम एकट्याने पुरे होणारे नव्हते. लंडनच्या सोसायटीने १८९४ मध्ये तज्ज्ञ समिती नेमली. शंका आली तर कोणीही आपले तिकीट तिच्यापुढे ठेवावे आणि दाखला घ्यावा. पुढे जिनिव्हाच्या तिकीटसंग्राहकांनी तर मौजेचे काम केले. त्या शहरात फ्रांस्वा फुर्निए नावाचे एक गृहस्थ शेकडो देशांच्या तिकिटांच्या नकला करून विकत. ते १९१७ मध्ये वारल्यावर काही वर्षांनी त्यांचा सारा माल तिथल्या संग्राहक मंडळाने विकत घेतला, नकलांवर तशी खूण छापून १९२८ मध्ये त्यांचे संच करून अभ्यासकांना दिले आणि उरलेला साठा नष्ट केला. चोराची हत्यारे जमा करून त्यांची शाळा काढावी, तसेच हे झाले.

बेकन यांचे तिसरे मोठे काम ग्रंथांचे. क्रॉफर्डचे अर्ल नावाचे एक विद्वान उमराव होते. तिकिटांवर जगात जे जे छापले गेले ते सारे जमवण्याचा त्यांनी चंग बांधला. अमेरिकेतल्या जॉन टिफनी यांचे नामांकित ग्रंथालय त्यांनी विकत घेतले आणि त्यात भर घालत गेले. पुस्तके, मासिके, व्यापाऱ्यांच्या याद्या, लिलावांची पत्रके, सारे काही. या ढिगाची सूची बेकन यांनी केली. ती १९११ मध्ये निघाली आणि तिकिटांवरच्या वाङ्मयाचा जगातला मुख्य आधारग्रंथ ठरली. अर्ल १९१३ मध्ये वारले आणि त्यांचे हे ग्रंथालयही ब्रिटिश म्युझियमला मिळाले. बेकन थांबले नाहीत. १९२६ मध्ये त्यांनी पुरवणी काढली, आणि आणखी भर घातली ती १९३८ मध्ये, ज्या वर्षी ते वारले त्याच वर्षी. सत्तावीस वर्षे एक यादी पुरी करीत राहणे हे काम कोणाच्या डोळ्यांत भरत नाही. परंतु ज्याने कधी संस्थेचे दप्तर सांभाळले आहे, त्याला त्यातले कष्ट कळतील.

१९१३ मध्येच पंचम जॉर्ज यांच्या खाजगी तिकीटसंग्रहाची व्यवस्था बेकन यांच्याकडे आली आणि ती अखेरपर्यंत त्यांच्याकडे राहिली. राजेसाहेब स्वतः अट्टल संग्राहक. युवराज असताना १९०४ मध्ये त्यांनी मॉरिशसचे दोन पेन्सांचे तिकीट १,४५० पौंडांना घेतले होते. एका तिकिटासाठी कोण्या मूर्खाने एवढी रक्कम मोजली, हे युवराजांना कळले काय, असे एका दरबाऱ्याने त्यांनाच विचारले, आणि तो मूर्ख मीच असे त्यांनी सांगितले, अशी आख्यायिका आहे. हा संग्रह ब्रिटन आणि साम्राज्यातल्या तिकिटांचा. तांबड्या बांधणीच्या ३२८ खंडांत तो लावलेला आहे. १९१७ ते १९२३ बेकन रॉयल सोसायटीचे अध्यक्ष होते. १९२१ मध्ये तिकीटसंग्राहकांची मानाची नामावली सुरू झाली. तिच्यावर पहिल्याच वर्षी ज्यांनी सही केली त्यांत बेकन होते. १९३२ मध्ये त्यांना 'सर' हा किताब मिळाला.

इथे माझ्यासारख्याच्या मनात एक प्रश्न येतो आणि तो टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. हे सारे कोणाच्या जिवावर? ज्या सवडीत बेकन भिंग घेऊन बसले, ती सवड त्यांना मिळाली, पण त्याच लंडनमधल्या गोदी कामगाराला मिळत नव्हती. १८८९ मध्ये तिथले गोदी कामगार संपावर गेले होते ते तासाला सहा पेनी मजुरीसाठी. एकीकडे एका पेनीच्या तिकिटाची छटा पारखणारी माणसे आणि दुसरीकडे एकेका पेनीसाठी पोट आवळणारी माणसे, एकाच शहरात, एकाच काळात. आणि बेकन यांनी उतारवयात ज्या संग्रहाची निगा राखली तो तर राजाच्या घरचा होता. सामान्य माणसाला त्याचे दर्शनही क्वचितच घडे.

हा आक्षेप खरा आहे. त्याचे उत्तर मी असे देतो. सवड काहींनाच मिळावी हा समाजाचा दोष. मिळालेल्या सवडीचे काय केले, ही त्या माणसाची परीक्षा. आणि आमचे भांडण सवडीशी नाही. ती सर्वांना मिळत नाही याच्याशी आहे. बेकन टॅपलिंग यांची तिकिटे लावायला बसले त्याच सुमारास, १८९० मध्ये, मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे गिरणी कामगारांसाठी रविवारच्या सुटीचा लढा जिंकत होते. त्या रविवारी कामगाराने काय करावे? झोप घ्यावी, घर पाहावे, हे तर आहेच. पण त्याने भजन म्हणावे, तालमीत जावे, पुस्तक वाचावे, आणि मन झाले तर तिकिटेही जमवावीत, याचसाठी तो रविवार होता. छंद ही श्रीमंतांची मिरास नव्हे. ती सुटीच्या दिवसाची कमाई आहे. याच लोखंड्यांचे चित्र असलेले तिकीट आपल्या टपाल खात्याने २००५ मध्ये काढले. ज्याने कामगाराला सवड मिळवून दिली तो सवडीच्या छंदाचा विषय झाला, ही गोष्ट मला फार समाधानाची वाटते.

आणि छंदाला तिकिटे पुरवणारे हातही कामगारांचेच आहेत. १९२६ पासून भारताची तिकिटे नाशिकच्या छापखान्यात छापली जाऊ लागली. त्यापूर्वी सत्तर वर्षे ती लंडनहून येत. तिकिटावरचा शिक्का मारणारा हात पोस्टातल्या माणसाचा. याच माणसांनी जुलै १९४६ मध्ये देशभर संप केला, तेव्हा त्यांचे काम किती ठिकाणी किती लागते हे सर्वांना एकदम समजले. शिक्क्याची तारीख वाचणाऱ्या संग्राहकाने तो मारणाऱ्याचीही आठवण ठेवावी, एवढीच अपेक्षा आहे.

भारतातही हे काम परंपरेने चालले. १८९७ मध्ये कलकत्त्याला फिलाटेलिक सोसायटी ऑफ इंडिया स्थापन झाली आणि तिने आपले नियतकालिक काढले. १८५४ च्या शिळाछाप तिकिटांवर एकेका किमतीचे स्वतंत्र ग्रंथ झाले: चार आण्यांवर १९३० मध्ये, एक आणा आणि दोन आणे यांवर १९४८ मध्ये. मुंबईचे जाल कूपर यांनी भारतीय तिकिटांवर आणि जुन्या शिक्क्यांवर पुस्तके लिहिली. एका पिढीने नोंद केली म्हणून दुसऱ्या पिढीला तिच्या खांद्यावरून पाहता आले.

आज पत्रे कमी झाली आहेत. कित्येक घरांत वर्षभरात तिकीट चिकटवलेले पाकीट येत नाही. मग या साऱ्याचा उपयोग काय, असे कोणी विचारील. मला उपयोग दिसतो तो आपल्या स्वतःच्या कागदांच्या बाबतीत. १९८२ चा गिरणी संप झाला, त्यानंतर एकामागून एक गिरण्या बंद पडल्या. त्या संपाची हस्तपत्रके, गेटसभांच्या सूचना, कँटीनची कुपने, वर्गणीच्या पावत्या, मस्टरची पाने मी रद्दीच्या दुकानात वजनाने विकली गेलेली पाहिली आहेत. जमवणारे काही आहेत, त्यांचे उपकार आहेत. पण त्यांना तारखा लावणारे, क्रमाने मांडणारे, सूची करणारे आणि ते छापून सर्वांच्या हाती देणारे फार थोडे आहेत. अर्ध्या आण्याच्या चिठोऱ्यासाठी इंग्रजांना बेकन मिळाला. आमच्या वर्गणीच्या पावतीला कोण मिळणार?

हे काम करायला उमराव असावे लागत नाही. चांगली नजर लागते, चिकाटी लागते, आणि मला कळले ते माझ्यापुरते ठेवणार नाही असा निश्चय लागतो. बेकन यांच्या कामाची बेरीज मी याच शेवटच्या गोष्टीने करतो. टॅपलिंग यांच्या संग्रहावर त्यांचे नाव नाही. क्रॉफर्ड यांच्या ग्रंथालयावरही नाही. राजाच्या खंडांवर तर नाहीच नाही. दुसऱ्यांनी जमवलेले त्यांनी लावून दिले, आणि ते लावलेले होते म्हणून राहिले. घरी गेल्यावर आपल्या माळ्यावरची जुनी पेटी उघडा. आजोबांचे मनीऑर्डरचे कुपन, आजीला आलेले पोस्टकार्ड, गिरणीचा पास, जे सापडेल ते रद्दीत घालण्याआधी त्याच्या मागे तारीख आणि नाव लिहून ठेवा. मग ते मुलांना दाखवा, आणि शक्य झाले तर आपल्या गावच्या वाचनालयाला द्या.